जमीन बळकावली तर आधी ताबा मागायचा की मालकी?

सीनाकाठ
माझ्या आत्याची मोहोळ तालुक्यात तीन एकर कोरडवाहू जमीन. सातबारा तिचा, वहिवाट तिची. आषाढीनंतर ती उपचारासाठी पुण्याला लेकीकडे गेली आणि पंधरा दिवसांत भाऊबंदांनी बांध मोडून ट्रॅक्टर घातला. आज तिथं त्यांचा शाळू उभा आहे. आम्ही काय केलं? बैठका. "घरातलं भांडण कोर्टात नेऊ नका," असं चार जाणत्यांनी सांगितलं आणि साडेचार महिने गेले.

माझं ठाम मत झालंय की आधी ताबा परत मागावा, मालकीचं नंतर. १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचं कलम ६ त्यासाठीच आहे. मालक कोण हे कोर्ट त्यात बघतच नाही. संमतीशिवाय, कायद्याचा मार्ग सोडून हुसकावलं का, एवढंच बघतं. पण दावा सहा महिन्यांत लावावा लागतो, आणि गावातल्या बैठकांनी ही मुदत थांबत नाही.

बार्शीचा वकील
दादा, मला हे पटत नाही. कलम ६ मध्ये हरलात तर अपील नाही. जिंकलात तरी समोरचा मालकीचा दावा लावायला मोकळा. म्हणजे तेच साक्षीदार, त्याच तारखा, खर्च दोनदा. कागद पक्के असतील तर थेट मालकीवर ताबा मागा. त्याला १२ वर्षं मुदत आहे, आणि मधल्या काळातल्या पिकाची भरपाईही त्याच दाव्यात मागता येते.

सीनाकाठ
वकीलसाहेब, ही १२ वर्षंच माणसाला निवांत करतात. तेवढा काळ समोरच्यानं उघडपणे, मालक म्हणून, तुमच्याविरुद्ध जमीन कसली तर तुमचा हक्कच बुडतो. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असंही म्हटलंय की असा कब्जेदार त्या जोरावर स्वतः दावा लावू शकतो. आत्या ६८ वर्षांची आहे. निकाल तिच्या हयातीत हवा.

जुना तलाठी
दोघंही दिवाणीतच अडकलात. शेतजमीन आहे, तहसीलदारांकडे जा की. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याचं कलम ५ बघा: बेकायदा काढलेला ताबा परत देता येतो. मुदत इथंही सहाच महिने. आणि सातबाऱ्यावर फार विसंबू नका. ती महसुली नोंद, खोटी ठरेपर्यंत खरी मानतात इतकंच. त्यानं मालकी मिळत नाही. गेल्या वर्षीची पीकपाहणी, म्हणजे रानात कुणी काय पेरलं त्याची नोंद, काढा, ती ताबा दाखवते.

भोसरीवाली
तुम्ही सगळे सहा महिने सहा महिने करताय. मी अक्कलकोटची, नोकरी भोसरीत. आई विधवा, माझ्याजवळ असते. आमचं रान दुसऱ्यानं पेरलंय हे मला आठ महिन्यांनी कळलं. मुदत मोजतात ताबा गेल्या दिवसापासून, मला कळल्या दिवसापासून नाही. मालक रोज बांधावर उभा असतो असं धरून हा कायदा केलाय. आपल्या जिल्ह्यातली निम्मी पोरं पोटासाठी बाहेर आहेत, त्यांनी काय करायचं? पोलिसांकडे गेले तर "दिवाणी आहे, कोर्टात जा."

माढेकर
भांडण कशाला? सरकारची सलोखा योजना आहे ना? हजार रुपये मुद्रांक, हजार नोंदणी, विषय संपला.

जुना तलाठी
माढेकर, ती अदलाबदलीसाठी आहे. याची जमीन त्याच्याकडे, त्याची याच्याकडे, तीही १२ वर्षांपासून. इथं एकानंच दुसऱ्याची घेतलीय.

सीनाकाठ
ताई, तुमचं दुखणं खरं आहे. मुदत कळल्या दिवसापासून मोजायला हवी, हे मलाही मान्य. पण तुमच्यासाठी मालकीचा दावा अजून उघडा आहे, तो सोडू नका. आणि यापुढं दर हंगामाला पीकपाहणीची नोंद स्वतः तपासा.

आमचं ठरलंय: संक्रांतीच्या आत कलम ६ चा दावा. गेल्या वर्षीच्या ज्वारीची आत्याच्या नावची पीकपाहणी आहे, बियाण्याची पावती आहे. वकीलसाहेब, एवढं पुरेल?

बार्शीचा वकील
माझं मत बदललेलं नाही. पण मुदतीत आहात, तर हेही करा. शेजारच्या बांधकऱ्याची साक्ष लागेल, तो भाऊबंदांच्या बाजूचा नसावा. ट्रॅक्टर कोणत्या तारखेला घातला हे सांगणारा माणूस आधी शोधा. सगळा दावा त्या तारखेवर उभा राहील.

सीनाकाठ
आहे एक जण. उद्या सकाळीच त्यांच्या वस्तीवर जातो.