सोळाव्या लुईचा घात १७७४ मध्येच झाला होता

गारगोटी
१४ जुलै १७८९ ला, बास्तिय तुरुंग पडून फ्रेंच राज्यक्रांती पेटली त्या दिवशी, रोजनिशीत 'काही नाही' लिहिणारा, कुलपं-किल्ल्यांत रमलेला मठ्ठ राजा, अशीच फ्रान्सच्या सोळाव्या लुईची ओळख आपल्या डोक्यात असते. ('काही नाही' म्हणजे त्या दिवशी शिकार नाही, एवढंच. ती शिकारीची वही होती.) माणूस मठ्ठ नव्हता. इंग्रजी वाचायचा, भूगोलाचं वेड होतं, ला पेरूजच्या सागरी मोहिमेच्या आखणीत त्याने स्वतः लक्ष घातलं होतं. त्याला बुडवलं ते लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं या हौसेने, आणि तेही पहिल्याच वर्षी.

आजोबांच्या, म्हणजे पंधराव्या लुईच्या काळात चान्सलर मोपूने १७७१ मध्ये पॅरिसच्या पार्लमाँचं कंबरडं मोडलं होतं. पार्लमाँ हे वरिष्ठ न्यायालय. राजाचा हुकूम तिथल्या दफ्तरात चढला की मगच अमलात यायचा. तिथली पदं विकत घेतलेली, बापाकडून मुलाकडे जाणारी, आणि बसलेले बहुतेक सरदार. मोपूने त्यांना हाकलून पगारी न्यायाधीश नेमले. मे १७७४ मध्ये एकोणीस वर्षांचा लुई गादीवर आला आणि नोव्हेंबरात म्हाताऱ्या मंत्र्याच्या, मोर्पाच्या सल्ल्याने त्याने जुन्या मंडळींना सन्मानाने परत बसवलं. पॅरिसमध्ये जयजयकार झाला. पुढे १७७६ मध्ये अर्थमंत्री त्युर्गोच्या सुधारणांना आणि १७८७ मध्ये सगळ्यांवर लागू होणाऱ्या जमीनकराला आडवे आले ते हेच लोक.

कडूकारले
न्यायाधीशांना झोडपणं सोपं आहे, पण मुळात पैसे कुठे गेले ते बोला की. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्सने शंभर कोटी लिव्हरहून (लिव्हर म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन) जास्त ओतले, आणि अर्थखातं सांभाळणाऱ्या नेकेरने त्यातला मोठा भाग नवे कर न लावता कर्जातून उभा केला. वर १७८१ मध्ये जमाखर्च छापून 'शिल्लक आहे' असं दाखवलं. युद्धाचा खर्च त्यात धरलाच नव्हता! १७८८ च्या अंदाजात खर्च सुमारे ६३ कोटी, उत्पन्न ५० कोटी, आणि नुसत्या कर्जफेडीला ३२ कोटींच्या आसपास. राणीचे दागिने नि दरबाराचा थाट ज्याला सगळे शिव्या घालतात, तो एकूण खर्चाच्या सहा टक्के. युद्धाला होकार कुणी दिला? लुईने. पार्लमाँने नव्हे.

नाणेघाट
थोडं अवांतर. त्याच राजवटीत, १७७७ साली, सेंट-ल्युबिन नावाचा फ्रेंच गृहस्थ चौलला उतरून पुण्यात नाना फडणवीसांकडे आला होता. फ्रेंच मदतीच्या नुसत्या बातमीनेच मुंबईकर इंग्रज हवालदिल झाले. हाती काही लागलं नाही, पण इंग्रजांना चहूकडून घेरायची फ्रेंचांची घाई दिसते. कडूकारले यांच्याशी सहमत: ही हौस खिशाला झेपणारी नव्हती.

गारगोटी
@कडूकारले, कर्ज होतंच, नाकारत नाही. पण तेव्हा इंग्लंडही गळ्यापर्यंत कर्जात होतं आणि तरी बुडालं नाही, कारण तिथे संसद कर मंजूर करायची. फ्रान्समध्ये अर्थमंत्री कालोनने फेब्रुवारी १७८७ मध्ये १४४ मान्यवर जमवून जमीनकर मांडला, तो त्यांनी फेटाळला. मग त्याच्या जागी आलेला ब्रिएन तेच घेऊन पार्लमाँकडे गेला. तिथून उत्तर आलं की नव्या कराला संमती फक्त एस्टेट्स-जनरल, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि सामान्य या तीन वर्गांच्या प्रतिनिधींची सभा, देऊ शकते. ही सभा १६१४ नंतर भरलेलीच नव्हती! मोपूचे पगारी न्यायाधीश जागेवर असते तर हे उत्तर आलंच नसतं.

सुमन_ना
दोघंही राजाला हिशेबाच्या वहीत लपवताय. १७८९ नंतरही घटनात्मक राजा म्हणून तो टिकला असता. बहुसंख्य लोकांना तेच हवं होतं. पण २० जून १७९१ च्या रात्री वेषांतर करून कुटुंबासह पॅरिसहून पळाला, वारेन गावात पकडला गेला, आणि मागे स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्रक ठेवून गेला, की आतापर्यंतची संमती मनापासून नव्हती. त्यानंतर त्याच्या शपथेवर विश्वास कोण ठेवणार? नोव्हेंबर १७९२ मध्ये राजवाड्यातल्या लोखंडी कपाटातली त्याची गुप्त कागदपत्रं सापडली, तेव्हा उरलंसुरलं संपलं. तरी २१ जानेवारी १७९३ ला गिलोटिनसमोर तो धीराने उभा राहिला, हे मान्य.

गारगोटी
वारेन हा शेवट आहे, सुरुवात नाही. धागा सुरुवातीचा आहे.

कडूकारले
मग सुरुवातीचंच बोलतो. मोपूच्या न्यायालयांवर लोकांचा विश्वास नव्हता, म्हणूनच तर जुन्यांना बोलावल्यावर जयजयकार झाला. न आवडणारे न्यायाधीश ठेवून एकोणीस वर्षांच्या पोराने कर वसूल केले असते? १९ नोव्हेंबर १७८७ ला लुईने पार्लमाँच्या भर सभेत कर्जाचा हुकूम रेटला. ओर्लेआंच्या ड्यूकने 'हे बेकायदा आहे' म्हटल्यावर उत्तर दिलं, 'माझी इच्छा आहे म्हणून कायदेशीर आहे.' दुसऱ्या दिवशी ड्यूकला पॅरिसबाहेर घालवलं, आणि १७९३ मध्ये त्याच ड्यूकने आपल्या या भाऊबंदाच्या, लुईच्या, मृत्युदंडाच्या बाजूने मत दिलं. सक्ती करून झाली होती, चालली नाही. सप्टेंबर १७८८ मध्ये पार्लमाँने 'एस्टेट्स-जनरल १६१४ च्याच पद्धतीने भरवा' (म्हणजे प्रत्येक वर्गाला एकच मत) म्हटलं आणि लोकांच्या नजरेतून तेही एका झटक्यात उतरले. त्यांना लोकांनीच खाली ओढलं असतं, राजाने फक्त थांबायचं होतं. पण ऑगस्टातच तिजोरीतून देणी द्यायचं बंद झालं होतं. थांबणार कशाच्या बळावर?