थोडक्यात हुकलेलं : एनबीए संघांचं नशीब जिथं फिरता फिरता राहिलं

छापाकाटा
एखादं नाणं, एखादा रिबाउंड (चुकलेल्या नेमानंतर परत आलेला चेंडू) किंवा कराराचं एखादं कलम दुसरीकडं पडलं असतं, तर संघाची पुढची वीस वर्षं वेगळी गेली असती, असे प्रसंग इथं लिहा. अट एकच. नुसतं ‘अमुक खेळाडू मिळाला असता तर’ नको. तो कुठल्या नियमानं मिळणार होता आणि हुकला कसा, तेही येऊ द्या.

सुरुवात फिनिक्सपासून. १९६६ ते १९८४ पर्यंत ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला, पहिला पिक (पहिली निवड) ठरायचा तो दोन्ही गटांतल्या तळाच्या संघांमधल्या नाणेफेकीनं. १९६८-६९ हा फिनिक्स सन्स आणि मिलवॉकी बक्स या दोघांचाही पहिलाच हंगाम. ८२ सामन्यांत सन्सनी १६ जिंकले, बक्सनी २७. अकरा विजयांचा फरक, तरी संधी निम्मी-निम्मीच. समोर होता ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार. सन्सनी कौल चाहत्यांकडून मागवला. चाहते म्हणाले छापा. १९ मार्च १९६९ ला कमिशनर वॉल्टर केनेडींनी नाणं उडवलं, उजव्या हातात झेललं आणि डाव्या पंजाच्या पाठीवर पालथं घातलं. काटा! फोनवर कान लावून बसलेल्या बक्सच्या मंडळींपैकी सहमालक वेस पॅव्हलन यांनी जनरल मॅनेजर जॉन एरिक्सनना कडकडून मिठी मारली, आणि पेटती सिगारेट त्यांच्या कानाला लागली.

सन्सनी मग नील वॉक घेतला. खेळाडू वाईट नव्हता, १९७२-७३ मध्ये सामन्यागणिक २० गुण आणि १२ रिबाउंड काढले. पण बक्स १९७१ मध्येच विजेते झाले, आणि सन्स १९७६, १९९३ आणि २०२१ अशा तिन्ही अंतिम फेऱ्या हरले. २०२१ ला कोणाकडून, ते सांगायला नको.

सहावा गडी
१९७९ ची शिकागो-लेकर्स नाणेफेक जास्त गंमतीची आहे, कारण लेकर्स तळाचा संघ नव्हतेच. १९७६ मध्ये गेल गुडरिच लेकर्स सोडून न्यू ऑर्लिन्स जॅझकडे गेला. तेव्हा फ्री एजंट (करार संपून मोकळा झालेला खेळाडू) घेणाऱ्या संघाला जुन्या संघाची भरपाई करावी लागे. त्या भरपाईत जॅझचा १९७९ चा पहिल्या फेरीचा पिक लेकर्सना मिळाला. गुडरिच तेव्हा तेहतीस वर्षांचा आणि पिक तीन वर्षांनंतरचा, म्हणून जॅझला तो उधारीचा सौदा स्वस्त वाटला असणार. १९७८-७९ मध्ये जॅझ २६-५६ वर (२६ विजय, ५६ पराभव) कोसळले आणि लेकर्स आयते नाणेफेकीला उभे राहिले. बुल्सच्या रॉड थॉर्ननी छापा मागितला, पडला काटा. मॅजिक जॉन्सन लॉस एंजेलिसला, डेव्हिड ग्रीनवुड शिकागोला.

१९८२ ला पुन्हा तेच. क्लीव्हलंडचा पिक आधीच लेकर्सकडे, क्लिपर्सशी नाणेफेक, कौल लेकर्सचा, आणि जेम्स वर्दी थेट गतविजेत्या संघात. पुढं क्लीव्हलंडच्या मालकावरूनच नियमाला नाव पडलं, ‘स्टेपियन नियम’ : लागोपाठच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक देऊन टाकायचे नाहीत.

बॅकबोर्ड
शिकागोचं हुकलं ते बरंच झालं म्हणा की. मॅजिक असता तर १९८३-८४ ला बुल्स २७-५५ झाले नसते. तिसरा पिक नाही, जॉर्डन नाही.

ट्रेलर्सचा वैताग
जॉर्डनचा विषय निघालाच आहे तर १९८४ नीट मांडतो, कारण पोर्टलंडनं दुसऱ्या पिकला जॉर्डन सोडून सॅम बोवी घेतला, आणि सगळे नुसतं ‘बोवी घेतला, मूर्ख’ म्हणून मोकळे होतात. पोर्टलंडच्या हातात दुसरा पिक कसा आला? १९८१ मध्ये त्यांनी टॉम ओवेन्स इंडियानाला दिला आणि बदल्यात १९८४ चा पिक घेतला. इंडियाना २६-५६ करून आपल्या गटाच्या तळाला गेली आणि पोर्टलंड ह्यूस्टनसमोर नाणेफेकीला उभं राहिलं. ह्यूस्टन जिंकलं, हकीम ओलाजुवॉन गेला.

आता नाणं उलट पडलं असतं असं धरा. ओलाजुवॉन पोर्टलंडला. ह्यूस्टनकडे राल्फ सँपसन होता, म्हणजे सेंटर (रिंगजवळचा उंच गडी) घ्यायचं कारणच नाही; त्यांनी जॉर्डनच उचलला असता. मग शिकागोच्या वाट्याला सॅम बोवी किंवा पर्किन्स, बार्कली यांच्यातला कोणीतरी. एका नाण्यावर तीन संघ टांगलेले होते.

बोवीचं म्हणाल तर डाव्या नडगीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमुळं त्याचे कॉलेजचे दोन पूर्ण हंगाम वाया गेले होते, आणि हे पोर्टलंडला ठाऊक होतं. त्यांच्याकडे जॉर्डनच्या जागेवर जिम पॅक्सन होता, वर आदल्याच वर्षी चौदाव्या पिकला घेतलेला क्लाइड ड्रेक्सलर. कमतरता उंचीची होती. जागा बघून निवड केली, खेळाडू बघून नाही. मूर्खपणा नव्हे, पण माफही करवत नाही.

छापाकाटा
पोर्टलंडवाल्यांना आणखी एक जखम आहे, तुम्ही सोडून दिलीत! १९७८ चा ड्राफ्ट : पहिला पिक पोर्टलंडचा, सातवाही पोर्टलंडचा, आणि लॅरी बर्ड सहाव्याला बोस्टनकडे. बर्ड एक वर्ष कॉलेजात राहणार हे जाहीर होतं, म्हणून पाच संघांनी सोडला. बोस्टनला त्याच्याशी १९७९ च्या ड्राफ्टआधी करार करायचा होता, नाहीतर तो पुन्हा सगळ्यांना खुला. ८ जून १९७९ ला सही झाली, ड्राफ्ट महिनाअखेरीस होता. ही पळवाट नंतर लीगनं बंद केली.

वरचा पोस्ट
एकाच माणसाच्या हातून दोन वळणं गेल्याचं उदाहरण : व्लादे दिवाच.

पहिलं १९९६. लेकर्सना शकील ओनीलसाठी (शॅक) सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादेत, जागा हवी होती. दिवाच शार्लटला देऊन त्यांचा तेरावा पिक, म्हणजे कोबी ब्रायंट, घ्यायचा. नवख्याचा पगार कमी, त्यामुळं जागा आपोआप मोकळी. शार्लटला जाण्याऐवजी निवृत्तच होतो, असं दिवाच म्हणाला. तो खरंच हटून बसला असता तर कोबीही अडला असता आणि शॅकही. शेवटी तो तयार झाला. तरी जागा पुरेना, म्हणून जॉर्ज लिंच आणि अँथनी पीलर व्हँकुव्हरला पाठवावे लागले. त्याआधी आठव्या पिकला न्यू जर्सी नेट्स कोबी घ्यायच्या बेतात होते. ‘तो तुमच्याकडं खेळणार नाही’ असा निरोप आल्यावर कचरले आणि केरी किटल्स घेतला.

दुसरं २६ मे २००२. आता दिवाच सॅक्रामेंटो किंग्जचा. अंतिम फेरीआधीच्या लेकर्सविरुद्धच्या मालिकेत किंग्ज २-१ पुढे, चौथ्या सामन्यात एकदा २४ गुणांनी पुढे. ११.८ सेकंद असताना दिवाचनं दोनपैकी एक फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारी मोकळी फेक) घातला, ९९-९७. कोबीचा ले-अप चुकला, शॅकचा पुटबॅक (परत आलेला चेंडू लगेच मारणं) चुकला. दिवाचनं चेंडू गर्दीतून बाहेर तडकावला तो नेमका कमानीच्या टोकाला उभ्या रॉबर्ट हॉरीच्या हातात. ठोका पडता पडता थ्री (तीन गुणांचा लांबचा नेम), १००-९९ लेकर्स.

चेंडू तडकावण्यात चूक नव्हती. रिंगखाली शॅक असताना दोन्ही हातांनी पकडायला गेलात तर फाउल होतो. बाहेरच्या गड्याला कोणी धरलेलं नव्हतं, चूक ती. आणि सगळं खापर हॉरीवर फोडू नका. सातव्या सामन्यात, घरच्या मैदानावर, किंग्जनी ३० पैकी १६ फ्री थ्रो घातले आणि ओव्हरटाइममध्ये ११२-१०६ हरले. त्यातले सात-आठ जरी जास्त पडले असते तर ओव्हरटाइमची पाळीच आली नसती. अंतिम फेरीत पुढं न्यू जर्सी होती, लेकर्सनी तिला ४-० धुतलं.

फ्री थ्रो लाइन
किंग्जचं याहून मोठं संकट खेळाच्या बाहेरचं होतं. जानेवारी २०१३ मध्ये मालूफ कुटुंबानं ६५ टक्के हिस्सा क्रिस हॅन्सन आणि स्टीव्ह बॉलमर यांच्या गटाला विकायचं ठरवलं. २००८ मध्ये संघ गमावलेल्या सिएटलला किंग्ज हलवायचे, असा बेत. वेळ अगदी कमी होता. महापौर केव्हिन जॉन्सन (सन्सचा जुना पॉइंट गार्ड तोच) यांच्यापुढं दोन कामं होती : नवं मैदान आणि नवा खरेदीदार. मार्चअखेरीस नगर परिषदेनं सुमारे ४४.८ कोटी डॉलरच्या मैदानाचा आराखडा ७-२ नं मंजूर केला, त्यात २५.८ कोटी शहराचे. खरेदीदारांचा म्होरक्या झाला मुंबईत जन्मलेला विवेक रणदिवे. तो तेव्हा गोल्डन स्टेट वॉरियर्सचा भागीदार होता, तिथला हिस्सा सोडावा लागला.

सिएटलनं बोली वाढवत नेली, तरी १५ मे २०१३ ला मालकांनी स्थलांतर २२ विरुद्ध ८ मतांनी फेटाळलं. जास्त पैसे देणारा हरला, कारण मत विक्रीवर नव्हतं, स्थलांतरावर होतं. शहरानं मैदानाची सोय केलेली असताना संघ उचलून न्यायला मालक बिचकतात. उद्या त्यांना स्वतःच्या शहराकडून पैसे काढायचे असतात. बॉलमरनं पुढच्या वर्षी २०० कोटी डॉलरला क्लिपर्स घेतले.

म्हणून ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्ससमोर किंग्ज उतरले. भारतातला एनबीएचा तो पहिला सामना. पेसर्स ओव्हरटाइममध्ये १३२-१३१.

सहावा गडी
वॉरियर्सचं नाव आलंय तर २०१२. लॉकआउटमुळं (मालकांनी पुकारलेल्या टाळेबंदीमुळं) ६६ सामन्यांचा हंगाम. वॉरियर्सचा पिक युटाला देणं होता (आधी न्यू जर्सीला, तिथून डेरॉन विल्यम्सच्या सौद्यात युटाकडे), पण पहिल्या सातांत आला तर आपल्याकडेच राहणार, असं कलम. शेवटी वॉरियर्स आणि टोरॉंटो दोघेही २३-४३. सातवा कोण, आठवा कोण, हे नाण्यावर. वॉरियर्स जिंकले, लॉटरीतही (वरचे पिक ठरवायला नाणेफेकीच्या जागी आलेली सोडत) कोणी खालून उडी मारली नाही, आणि हॅरिसन बार्न्स मिळाला. २०१५ च्या विजेत्या पाचांत तो होता. हे कोणी मोठं वळण म्हणून सांगत नाही, पण हिशोब केला तर आहे.

बॅकबोर्ड
असाच हिशोब २०२५ चा. लॉटरीत १४ चेंडूंतून ४ निघतात, १००१ जोड्या, एक बाद, उरल्या हजार. डॅलस आणि शिकागो दोघंही ३९-४३. अकराव्या जागेच्या २० आणि बाराव्याच्या १५ जोड्या, सरासरी साडेसतरा. अर्धी जोडी देता येत नाही, म्हणून बरोबरी तोडण्यात जिंकलेल्या डॅलसला १८, शिकागोला १७. लोक म्हणतात ‘एका जोडीचाच फरक’, ते चूक आहे. जोड्या जागेनुसार वाटतात. जागा बदलली की अख्खा गठ्ठा बदलतो. १.८ टक्क्यांवर डॅलसला पहिला पिक लागला, कूपर फ्लॅग आला, तेही लुका डॉन्चिच देऊन टाकल्यावर तीनेक महिन्यांत.

वरचा पोस्ट
सॅन अँटोनियो कोणी लिहिणार नसेल तर मी लिहितो. १८ जून २०१३, मियामीविरुद्ध अंतिम फेरीचा सहावा सामना, सॅन अँटोनियो स्पर्स ३-२ पुढे. २८.२ सेकंद असताना मनू जिनोबिली दोनपैकी एक घालतो, ९४-८९. मियामीत पिवळा दोर आणून ठेवलेला, करंडकाची तयारी. २०.१ वर मियामीच्या लेब्रॉनचा थ्री, तोही स्वतःचा नेम चुकून चेंडू परत आल्यावर. १९.४ वर कवाय लेनर्ड दोनपैकी एक, ९५-९२. पुन्हा लेब्रॉन, चुकला. रिबाउंड क्रिस बॉशचा. कोपऱ्यात रे ॲलन, ५.२ सेकंद, ९५-९५.

दोन्ही वेळा स्पर्सचा उंच टिम डंकन बाकावर. थ्री अडवायचा तर प्रत्येक स्क्रीनवर (वाट अडवायला आडव्या उभ्या राहिलेल्या गड्यापाशी) गडी बदलता आला पाहिजे, म्हणून प्रशिक्षक पॉपोविचनी चपळ पाच ठेवले. नेम अडवायची सोय झाली, रिबाउंडची गेली. ॲलनचे पाय मात्र बघा. चेंडू बॉशच्या हातात असतानाच तो खाली न बघता मागं सरकतोय. याचा सराव तो वर्षानुवर्षं करायचा : जमिनीवर आडवं पडायचं, उठायचं, पाठमोरं पळत कोपरा गाठायचा, पास घ्यायचा, फेकायचा.

ट्रेलर्सचा वैताग
तीन गुणांनी पुढे असताना फाउल का केला नाही? दोन फ्री थ्रो दिले की थ्रीचा धोका संपतो.

वरचा पोस्ट
१९ सेकंद फाउलसाठी फार होतात. दोन फ्री थ्रो, मग तुमच्यावर फाउल, तुमचा एक चुकला की पुन्हा तीच टांगती तलवार. जिनोबिली आणि लेनर्ड दोघांनी नुकताच एकेक चुकवला होता. सहा-सात सेकंद उरले की फाउल करावा. ती वेळ बॉशनं रिबाउंड पकडला त्या क्षणी आली, आणि तेवढ्यात पास सुटलासुद्धा. ओव्हरटाइमला १०३-१०० असताना डॅनी ग्रीनचा कोपऱ्यातला शेवटचा थ्रीही बॉशनंच अडवला.