मदत हवी आहे: गच्चीवरच्या हळदीची पानं कडेनं वाळतायत
नमस्कार मंडळी. नांदेडला गच्चीवर ग्रो बॅगमध्ये हळद लावलीय. बेणं वसमतच्या पाहुण्यांकडचं, सेलम जातीचं. जूनमध्ये लावली, आता कमरेएवढी झालीय. पण गणपती उठल्यापासून खालच्या पानांचे शेंडे अन् कडा वाळायला लागल्यात, कागद जळाल्यासारख्या. मधे ठिपके नाहीत, म्हणून करपा वाटत नाही. खोड ओढलं तर घट्ट आहे, घाण वासही नाही, म्हणजे कंदकूज नसावी.

माझा संशय बोअरच्या पाण्यावर आहे. बादलीला पांढरा थर धरतो, अन् पाऊस उघडल्यापासून तेच पाणी चाललंय. बॅगेतले क्षार कसे घालवायचे? की पालाश (पोटॅश) कमी पडतंय? शेजारचे काका युरिया टाक म्हणतात, ते काही पटत नाही.

बुडाशी गड्डे उघडे पडलेत, त्यांना आता शेणखत-मातीची भर लावली तर चालेल ना?

अजून एक. शेतातली हळद साधारण नऊ महिन्यांनी, पाला वाळल्यावर काढतात. माझी निघेल दोन-तीन किलो; तेवढी शिजवायला कुठं मोठी कढई लावायची? कुकरमध्ये शिजवली तर लगदा होतो का? घरी कुणी केली असेल तर सांगा.