लाइन गेली की नेट का जातं? मीटर रूममधल्या डब्यावरून सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

३०२, ताई:
नमस्कार मंडळी. आज दुपारी परत लाइन गेली आणि लाइनसोबत नेटही गेलं. माझ्याकडे इन्व्हर्टर आहे, राउटर सुरू होता, पंखा सुरू होता, पण नेट नाही. क्लायंटला स्क्रीन दाखवणं सुरू होतं, ते मध्येच तुटलं. मोबाइलच्या डेटावर जोडून पाहिलं, पण मागच्या खोल्यांमध्ये रेंजची एकच कांडी राहते, आणि लाइन गेली की सगळी कॉलनी एकाच वेळी मोबाइलवर येते.

हा विषय लिफ्टजवळ उभ्याउभ्या बोलून सुटत नाहीये, म्हणून इथे सविस्तर लिहून राहिले. आपल्या बिल्डिंगमध्ये घरून काम करणारे आता बरेच जण आहेत. कुणी रोज, कुणी आठवड्यातून दोन-तीन दिवस. आमच्या कामात "लाइन गेली होती" हे कारण एकदा चालतं, दुसऱ्यांदा समोरचा गप्प बसतो, आणि त्यानंतर मॅनेजर विचारतो की पुण्याच्या ऑफिसला केव्हापासून येता. मला पुण्याला जायचं नाही. बाबांची बायपास झाली आहे, दर थोड्या दिवसांनी धंतोलीत तपासणीला न्यावं लागतं, आईला एकटीला ते होत नाही. नागपुरात राहून ही नोकरी करता येते म्हणूनच मी इथे आहे. त्यामुळे मीटर रूममधल्या त्या नेटच्या डब्याचं काहीतरी करा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

१०१, काका:
ताई, तुझी अडचण खरी आहे. पण काम कंपनीचं, तर सोय कंपनीनं करावी ना. सोसायटीचा पैसा काहून लावायचा? उद्या कोणी म्हणेल मला टेबल-खुर्चीही द्या.

२०४, दादा:
काकाजी, कंपनी लॅपटॉप देते, काही ठिकाणी नेटचे पैसेही देते. पण आपल्या मीटर रूममध्ये येऊन कंपनी वायरिंग करू शकत नाही. ती जागा आपल्या सगळ्यांची आहे.

१०३, काकू:
आमच्या घरीही तेच झालं आज. सून खोलीतून बाहेर आली तर चेहरा उतरलेला.

४०३, दादा:
मी आत्ता उठलो. रात्रीची शिफ्ट होती. वाचतो सगळं.

२०२, काका:
मी वीज खात्यात होतो, त्यामुळे थोडं सांगतो. आपल्या बिल्डिंगमध्ये दोन प्रकारचं नेट आहे, आणि गोंधळ तिथूनच होऊन राहिला आहे.

पहिला प्रकार म्हणजे थेट घरापर्यंत आलेली फायबर. यात कंपनीच्या केंद्रापासून तुमच्या घरातल्या डब्यापर्यंत मध्ये फक्त काचेचा धागा राहतो. एका धाग्याचे अनेक फाटे करणारा स्प्लिटर असतो, पण त्याला वीज लागत नाही. केंद्राकडे त्यांचं बॅकअप, तुमच्याकडे इन्व्हर्टर, की नेट सुरू. बिल्डिंगची लाइन गेली तरी फरक पडत नाही.

दुसरा प्रकार केबलवाल्याचा. त्याची फायबर मीटर रूमपर्यंत येते, तिथे एक कन्व्हर्टर आणि घराघरांत नेट वाटणारा एक स्विच आहे, आणि त्या स्विचमधून तांब्याची लॅन वायर प्रत्येक घरी गेली आहे. ही दोन्ही यंत्रं कॉमन मीटरच्या साध्या प्लगवर आहेत. लाइन गेली की ती मरतात. मग तुमच्या घरी कितीही मोठा इन्व्हर्टर असला तरी उपयोग नाही. ३०२ च्या घरी तेच झालं.

कोणाकडे कोणतं आहे ते बघायचं असेल तर राउटरच्या मागे पाहा. पिवळी किंवा काळी बारीक दोरीसारखी वायर एका छोट्या डब्यात जाते ती फायबर. टेलिफोनपेक्षा थोडी जाड क्लिप असलेली वायर थेट राउटरमध्ये जाते ती लॅन.

३०२, ताई:
काका, हेच कोणी सांगत नव्हतं. माझी लॅनच आहे. मग मी सरळ फायबर घेऊन टाकू का?

२०२, काका:
घेता येईल. ज्याला जमते त्याने घ्यावीच, पावसाळ्यातही फायदा आहे. जूनमध्ये वादळ येतं तेव्हा तांब्याच्या वायरीतून झटका येऊन राउटरचं पोर्ट जळतं, काच वीज वाहून नेत नाही. पण मागच्या बाजूच्या लाइनीतल्या घरांपर्यंत अजून कोणी फायबर ओढली नाही, आणि सगळ्यांचे वर्षभराचे पैसे केबलवाल्याकडे भरलेले आहेत. तोपर्यंत डब्याचं बघावं लागेल.

१०१, काका:
खर्च किती येईल ते सांगा आधी.

२०२, काका:
सांगतो. स्विच आणि कन्व्हर्टर मिळून २० वॅट धरा. दिवसरात्र चालले तर महिन्याला १४-१५ युनिट होतात, आणि ते आजही कॉमन मीटरमधूनच जाऊन राहिले आहेत, नवीन काही नाही. आता बॅकअप. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची छोटी बॅटरी असलेला यूपीएस लावला तर दोन-अडीच तास निघतात. पण माझं मत तसं नाही. मीटर रूममध्ये मे महिन्यात भट्टी राहते, आणि शिशाच्या बॅटरीचं आयुष्य उष्णतेनं झपाट्यानं घटतं. २५ डिग्रीच्या वर दर १० डिग्रीला ते साधारण अर्धं होतं असं आम्ही धरायचो. इथे ४५ च्या वर पारा जाणाऱ्या गावात ती बॅटरी फार टिकणार नाही.

त्यापेक्षा जिन्याच्या दिव्यांना जो इन्व्हर्टर आहे, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीचा, त्याच्यावरून एक पॉइंट ओढा. जिन्यात ९ वॅटचे १० दिवे आहेत, म्हणजे ९० वॅट. त्यात हे २० आले तर ११०. आणि दुपारी तर दिवे बंदच राहतात, तेव्हा भार फक्त डब्याचा. बॅटरी वरच्या मजल्याच्या जिन्याजवळ हवेशीर जागी आहेच. खर्च म्हणाल तर वायर, एक स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच), एक प्लग आणि मिस्त्रीची मजुरी.

२०४, दादा:
म्हणजे नवीन बॅटरी घ्यायचीच नाही! काकाजी, हे भारी आहे.

सचिव, ४०१:
२०२ काका, सुरक्षेचं काय? मीटर रूममध्ये उद्या काही झालं तर जबाबदारी माझ्यावर येते.

२०२, काका:
बरोबर विचारलं. म्हणून एमसीबी स्वतंत्र पाहिजे, अर्थिंग तपासून घ्या, एक्स्टेंशन बोर्ड लटकवून ठेवू नका. केबलवाल्याचा डबा आपण उघडायचा नाही, त्याची वस्तू आहे. त्याला एक फोन करून सांगा की आम्ही तुझा प्लग बदलून राहिलो. तो खूशच होईल, तक्रारी कमी होतील.

१०१, काका:
इतकंच असेल तर माझी हरकत नाही. मला वाटलं जनरेटर घ्यायचा विषय आहे. पण एक विचारतो, चुकीचं नका समजू. हे घरून काम किती दिवस चालणार? विमानतळाजवळच्या मिहानमध्ये एवढ्या कंपन्या आल्या, टीसीएस आहे, इन्फोसिस आहे, एचसीएल आहे. पोरांनी तिथे जाऊन बसावं ना. उद्या सगळेच ऑफिसला परत गेले तर?

२०४, दादा:
काकाजी, मी मिहानमधल्याच एका कंपनीत आहे, म्हणून सांगतो. आपल्या पोरांना हे घरून काम सहज मिळालेलं नाही. २०२० च्या आधी कॉल सेंटर, बीपीओसारख्या कामाला घरून बसायची परवानगीच किचकट होती, दूरसंचार खात्याकडे नोंदणी, बँक गॅरंटी असं सगळं. ५ नोव्हेंबर २०२० ला ते नियम सैल केले. आणि मिहानचा सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, तर वेगळाच प्रकार आहे. सेझमधला लॅपटॉप शुल्क न भरता आलेला असतो, तो गेटबाहेर नेणं हाच प्रश्न. म्हणून जुलै २०२२ मध्ये केंद्रानं सेझच्या नियमांत ४३-अ हा नवीन नियम घातला. आधी निम्म्या कर्मचाऱ्यांना परवानगी होती, डिसेंबर २०२२ मध्ये सगळ्यांना वाव दिला.

नंतर बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी परत बोलावलं, हे खरं. टीसीएसनं २०२३ च्या ऑक्टोबरपासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिस केलं. माझंही अर्धं ऑफिस, अर्धं घर आहे. पण आपल्या इथल्या बऱ्याच पोरापोरींची नोकरी मिहानची नाहीच. कंपनी पुण्याची, बंगळुरूची, हैदराबादची, आणि पोरगं नागपुरात. त्यांच्यासाठी ऑफिसला परत जाणं म्हणजे खापरीपर्यंत मेट्रोनं जाणं नाही, गाव सोडणं आहे.

१०३, काकू:
हे मला मनापासून पटलं. आमच्या पिढीनं काय केलं? पोरगं व्हीएनआयटीतून नाहीतर रामदेवबाबा इंजिनिअरिंग कॉलेजातून निघालं की पुण्याच्या गाडीत बसवून दिलं. दिवाळीत तिकिटं मिळत नाहीत म्हणून ट्रॅव्हल्सच्या दुप्पट भाड्यानं येतात आणि चार दिवसांत जातात. पोळ्याला, मारबतीला तर कोणीच राहत नव्हतं. मागच्या वर्षी तान्ह्या पोळ्याला आपल्या अंगणात लाकडी बैल घेऊन किती लेकरं होती, आठवून पाहा. ती लेकरं इथे आहेत कारण त्यांचे आईबाप इथून काम करू शकतात. त्यासाठी एक प्लग बदलायला आपण एवढा विचार कशाला करायचा?

३०२, ताई:
काकू, डोळ्यात पाणी आणलं तुम्ही.

१०३, काकू:
अजून एक बोलते. सून घरी आहे म्हणजे ती मोकळी आहे, असं बिल्डिंगमधल्या बऱ्याच घरांत समजून राहिले लोक. दुपारी दोनला बेल, "पार्सल ठेवून घ्या". अडीचला बेल, "किल्ली द्या ना". गॅसवाला आला तरी तिलाच हाक. घरातल्यांनीही तेच करायचं, चहा टाक, दूध बघ. नवरा घरून काम करतो तर दार लोटून बसतो आणि बाई घरून काम करते तर तिचं दार उघडंच पाहिजे, हे बरोबर नाही. आमच्याकडे आता नियम आहे. तिच्या दाराच्या कडीला लाल रुमाल बांधलेला असला की आत मीटिंग आहे. मी स्वतः आत जात नाही, तिच्या सासऱ्यांनाही जाऊ देत नाही. जेवण ज्याचं त्यानं वाढून घ्यायचं.

५०२, वहिनी:
काकू, हे माझ्या सासूबाईंना दाखवते, तुमची परवानगी असेल तर.

१०३, काकू:
दाखव बिनधास्त. त्यांना माझ्याकडे चहाला पाठव, मीच बोलते.

४०३, दादा:
माझंही थोडं. मी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेवर काम करतो. उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. त्यांचे सकाळचे ९ म्हणजे सध्या आपले संध्याकाळचे ६:३०, आणि त्यांचं ऑफिस सुटतं तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अडीच. म्हणजे झोपायला पहाट होते. सकाळी आठला जेव्हा ५०२ चं ड्रिल सुरू होतं तेव्हा मला झोपून फार वेळ झालेला नसतो. वहिनी, राग नका मानू, घराचं काम करायलाच पाहिजे. फक्त वेळ ठरवली तर बरं होईल.

५०२, वहिनी:
अरे, तू सांगायचं ना आधी! टाइलवाला उन्हाच्या आधी काम उरकायचं म्हणून लवकर येतो. नवतपा सुरू झाला, दुपारी त्यांना छतावर, बाल्कनीत उभं राहवत नाही. मी असं करते, कटरचं आणि ड्रिलचं काम साडेदहा ते एक. सकाळी ते फक्त मसाला कालवणं, टाइल बसवणं करतील.

४०३, दादा:
खूप उपकार होतील वहिनी.

३०२, ताई:
साडेदहा ते एक मला चालेल, माझ्या मुख्य मीटिंगा दुपारनंतर असतात. २०४ दादा, तुमचं?

२०४, दादा:
मंगळवारी अकराला एक राहते, ती मी बेडरूममधून घेऊन घेईन. चालते.

३०२, ताई:
सगळ्यांसाठी एक उपयोगाची गोष्ट. कुलरसमोर लॅपटॉप ठेवू नका. ओली हवा थेट यंत्रात जाते, आणि माइकमध्ये समोरच्याला नुसता घोंघाट ऐकू येतो. मी कुलर खिडकीतच ठेवते पण टेबल बाजूच्या भिंतीला लावलं आहे. हेडसेट वायरचा घ्या, आवाज गाळणारा. आणि राउटर स्वयंपाकघरापासून दूर ठेवा, मायक्रोवेव्ह सुरू झाला की वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा बिघडतो. शक्य असेल तर लॅपटॉप वायरनेच जोडा.

सचिव, ४०१:
बरं, मग मी असं लिहून घेतो. जिन्याच्या इन्व्हर्टरवरून नेटच्या डब्याला पॉइंट, काम २०२ काकांच्या देखरेखीखाली. खर्च किरकोळ दुरुस्तीतून, बिल इथे टाकीन. मोडतोडीच्या आवाजाचं काम साडेदहा ते एक, पुढेही सगळ्यांना लागू. पार्सलसाठी गार्डच्या टेबलाशेजारी एक रॅक ठेवू, म्हणजे दुसऱ्याच्या घरी बेल वाजवायला नको. १०१ काका, तुमची संमती धरू का?

१०१, काका:
धरा. पण रॅकला कुलूप लावा. आणि डब्याचा प्लग कोणी मोबाइल चार्ज करायला काढणार नाही असं तिथे लिहून ठेवा. माझा नातूही पुढच्या महिन्यात बंगळुरूहून येऊन राहिला आहे, म्हणतो आजोबा, नेट बरं असेल तर महिनाभर थांबतो.

१०३, काकू:
मग तुम्हीच सगळ्यात आधी संमती द्यायची ना!

१०१, काका:
दिली ना जी. ३०२, नातू आला की त्याला तुझ्याशी बोलायला लावतो, टेबल-खुर्ची कशी लावायची ते सांग. तो पलंगावर बसून काम करतो आणि पाठ दुखते म्हणतो.

३०२, ताई:
नक्की काका. पलंग आधी बंद करा त्याचा. माझ्याकडे एक जादा टेबल आहे, तो आला की घेऊन जा.

२०२, काका:
मिस्त्रीशी बोललो. रविवारी सकाळी सातला येतो, ऊन चढायच्या आत उरकून देईन म्हणाला. काम सुरू असताना अर्धा-पाऊण तास कॉमन लाइन बंद राहील, तेवढ्यात लिफ्ट वापरू नका. ज्यांना जड पिशव्या, पाण्याचे कॅन वर न्यायचे आहेत त्यांनी शनिवारीच नेऊन घ्या.

४०३, दादा:
काका, मी रविवारी खाली येतो मदतीला. सुट्टी आहे, रात्रीची शिफ्ट नाही.

सचिव, ४०१:
२०४ दादा, तुमची स्कूटर मीटर रूमच्या दारासमोर राहते. शनिवारी रात्रीच काढून ठेवा, दार पूर्ण उघडायला लागेल.