टर्बो सिव्हिकला हेवी क्लच लावलाय, गाडी गरम झाली की गिअर पडत नाहीत, मास्टर बदलू का?

बावधन_व्हीटेक:
नमस्कार मंडळी. गाडी 2008 ची होंडा सिव्हिक 1.8, पाच गिअरची मॅन्युअल. टर्बो किट बसवल्यावर कंपनीची क्लच प्लेट चौथ्या-पाचव्यात बूस्ट आला की स्लिप व्हायला लागली, म्हणून हेवी प्रेशर प्लेट, ऑरगॅनिक डिस्क आणि हलकं फ्लायव्हील टाकलं, आणि गिअरबॉक्स खाली उतरलाच आहे तर हायड्रॉलिकचंही काम उरकू म्हणून बाहेरून मागवलेला आफ्टरमार्केट स्लेव्ह सिलिंडर (गिअरबॉक्सजवळचा, तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा) आणि स्टीलची ब्रेडेड होज पण लावून घेतली. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलने तेल ढकलणारा, कंपनीचाच आहे.

स्लिप पूर्ण बंद झाली, ताम्हिणीत गाडी मस्त ओढते. पण चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये थोडा वेळ रांगत गेलो की पहिला पडत नाही, रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज येतो, आणि इंजिन बंद केलं की तेच सगळे गिअर अलगद पडतात. सकाळी गाडी थंड असताना काही त्रास नाही. बाइट, म्हणजे क्लच पकडायला लागतो ती जागा, अगदी तळाशी आहे, मॅटला टेकायच्या थोडंसं आधी. पेडल पंप करून बघितलं, फरक पडत नाही. तेलाची लेव्हल जागेवर आहे, गळती कुठेच दिसत नाही. बाकी पेडल छान हलकं आहे, एवढी जड प्रेशर प्लेट असून कंपनीच्या क्लचइतकंच लागतं.

गॅरेजवाले म्हणतात मास्टर गेलाय, मोठ्या बोअरचा (आतल्या व्यासाचा) टाका. नाना पेठेत चौकशी केली तर माझ्या मॉडेलला मोठ्या बोअरचा मिळत नाही, बाहेरून मागवायला लागेल. पैसे घालायच्या आधी विचारतोय, कोणाला असा अनुभव आहे का?

अकरा_नंबर_पाना:
भावा क्लचच्या तेलात एअर राहिलीये. नवीन स्लेव्ह लावल्यावर नव्वद टक्के वेळा तेच निघतं. त्या आफ्टरमार्केट सिलिंडरचं ब्लीड निपल (हवा काढायची तोटी) कुठल्या बाजूला येतंय ते बघ. फिट केल्यावर निपल सगळ्यात वर नसेल तर वरच्या कोपऱ्यात बुडबुडा अडकून बसतो आणि तू लिटरभर तेल पंप केलंस तरी हलत नाही. बोल्ट काढून स्लेव्ह मोकळा कर, होज लागलेलीच राहू दे, निपल आभाळाकडे करून धर आणि पुशरॉड (पिस्टनचा दांडा) हाताने हळूहळू आत दाब, हवा उलटी मास्टरच्या डब्यात जाते. मात्र स्लेव्ह बाहेर लोंबत असताना चुकूनही कोणी पेडल दाबायचं नाही, पिस्टन बाहेर उडतो. आणि सिव्हिकमध्ये क्लचचा डबा ब्रेकपेक्षा वेगळा आणि छोटा आहे, ब्लीड करता करता पटकन रिकामा होतो, एकाने त्याच्यावरच लक्ष ठेवायचं.

हे करून पण बाइट खालीच राहिला तर मास्टरचा पुशरॉड दोन-तीन आटे लांब कर, बाइट वर येईल.

भोसरी_मशिनशॉप:
ब्लीडिंगची पद्धत अगदी बरोबर सांगितली आहे, पण या गाडीत एअर असेल असं मला वाटत नाही. एअर असेल तर पेडल स्पंजी लागतं आणि पटापट पंप केल्यावर बाइट वर येतो. यांचा येत नाहीये.

मला खटकली ती गोष्ट वेगळीच आहे. जड प्रेशर प्लेट लावून पेडल कंपनीइतकंच हलकं कसं लागेल? प्लेट उचलायला जास्त जोर लागतो तर तो जोर कुठून तरी यायला पाहिजे. हायड्रॉलिकमध्ये जोर फुकट मिळत नाही, त्याच्या बदल्यात ट्रॅव्हल द्यावा लागतो. मास्टर तोच ठेवून स्लेव्हचा बोअर वाढवला की पायाला हलकं लागतं, पण तेवढ्याच तेलात स्लेव्हचा रॉड कमी पुढे जातो. हिशोब बोअरच्या वर्गाचा आहे. समजा 3/4 इंच म्हणजे 19.05 मिमीच्या जागी 13/16 म्हणजे 20.64 मिमी आला, दिसायला दीड मिलीमीटर फरक, पण रॉडचा ट्रॅव्हल साधारण 15 टक्क्यांनी घटतो. थंड असताना क्लच कसाबसा सुटतो, ट्रॅफिकमध्ये डिस्क तापून जराशी वाकडी झाली की जेवढं मार्जिन होतं तेवढं संपतं आणि प्लेट घासत राहते. इंजिन बंद केल्यावर गिअर पडतात म्हणजे गिअरबॉक्स चांगला आहे, क्लचच पूर्ण सुटत नाहीये.

आधी मोजा. सिव्हिकला स्लेव्ह बाहेर, गिअरबॉक्सच्या पुढच्या अंगाला आहे, इनटेकचा पाइप बाजूला केला की फोर्क आणि रॉड दिसतो. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाकाला दगड, एकाने पेडल पूर्ण दाबायचं आणि दुसऱ्याने रॉड किती सरकतो ते पट्टीने मोजायचं. मग पेडल मिनिटभर तसंच दाबून धरायला सांगा. रॉड हळूहळू मागे आला तर मास्टरचं सील आतून बायपास होतंय, जागेवर राहिला तर मास्टर ठणठणीत आहे. शिवाय पेडल दाबताना कोणीतरी फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) बघा, जड प्लेटमुळे पत्रा वाकत असेल तर तिथेही ट्रॅव्हल खाल्ला जातो.

आणि पाना भाऊ, पुशरॉड लांब करायचा सल्ला कृपया कोणाला देऊ नका. मास्टरच्या रॉडला थोडा फ्री प्ले (मोकळी चाल) लागतोच. तो संपला की पेडल सोडल्यावरही पिस्टन पूर्ण मागे येत नाही, डब्याकडे जाणारं बारीक भोक झाकलेलं राहतं, तेल गरम होऊन फुगलं की परत जायला वाट नसते आणि लाइनमध्ये प्रेशर अडकतं. मग पाय न लावता क्लच अर्धवट दाबलेला राहतो. नवी डिस्क घाटात स्लिप होऊन जळेल आणि रिलीज बेअरिंगही जाईल.

अकरा_नंबर_पाना:
फ्री प्ले पूर्ण संपवायचा असं म्हणायचं नव्हतं काका, पण मुद्दा पटला. पेडल हलकं आहे ही ओळ वाचली होती, तिच्यावरून असं काही निघेल हे डोक्यात आलं नाही.

कर्वेनगर_ट्रॅकडे:
होजबद्दल एक विचारतो, ती कुठून फिरवलीये? बऱ्याच किट अमेरिकन गाड्यांसाठी बनतात. तिकडे ड्रायव्हर डावीकडे, गिअरबॉक्सही डावीकडे, त्यामुळे होज आखूड आणि सरळ जाते. आपल्याकडे मास्टर उजवीकडे आणि गिअरबॉक्स डावीकडे, म्हणजे लाइन फायरवॉलला लागून आख्खी पलीकडे जाते, आणि याच इंजिनाचा एक्झॉस्ट मागच्या बाजूला असल्यामुळे तुझा टर्बो पण तिथेच. जवळून जात असेल तर हीट स्लीव्ह घालच. क्लच-ब्रेकच्या डॉट 4 तेलाचा बॉइलिंग पॉइंट नवीन असताना निदान 230 डिग्री, पण ओलावा शोषून घेतल्यावर 155 पर्यंत खाली येऊ शकतो, आणि आपल्या पावसाळ्यात डब्याचं झाकण उघडं राहिलं की किती ओलावा जातो ते सांगायला नको. सीलबंद बाटलीच वापर. सिलिकॉनवालं डॉट 5 यात मिसळू नकोस आणि मिनरल तेल तर अजिबात नको, रबर फुगून सील जातात.

बावधन_व्हीटेक:
सगळ्यांचे मनापासून आभार, रविवारी मित्राला बसवून सगळं मोजलं. पेडल दाबून धरल्यावर रॉड जागेवरच राहिला, फायरवॉल पण हलत नाही. मग डिकीत पडलेला कंपनीचा जुना स्लेव्ह उघडून दोन्हीच्या पिस्टनला व्हर्नियर लावला, नवा जवळजवळ दीड मिलीमीटरने मोठा निघाला! बॉक्सवर फक्त हेवी ड्यूटी लिहिलंय, बोअर कुठेच दिलेला नाही, याचा खरंच राग आला. होज टर्बोच्या डाउनपाइपपासून चार बोटं लांब आहे, तरी स्लीव्ह मागवलीये.

आता दोन रस्ते दिसतायत, जुना स्लेव्ह परत लावू का नवा ठेवून मोठ्या बोअरचा मास्टर मागवू?

भोसरी_मशिनशॉप:
जुना लावा. मास्टर 5/8 वरून 3/4 इंचावर नेला तर एका स्ट्रोकला 44 टक्के जास्त तेल ढकललं जातं, एवढा ट्रॅव्हल तुम्हाला नकोच आहे. रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटची बोटं गरजेपेक्षा आत दाबतं, डायफ्राम बिघडतो, स्लेव्हचा पिस्टनही टोकाला जाऊन गळायला लागतो, आणि मग पेडलखाली स्टॉपर लावत बसायचं. जुन्या सिलिंडरच्या आत बोट फिरवून बघा, रेघा किंवा गंज नसेल तर नवीन रबर किट टाका आणि बसवा. रेघ असेल तर पॉलिश पेपर मारत बसू नका, कंपनीच्याच मापाचा नवा घ्या. पेडल आतापेक्षा जड होईल, ते या प्लेटबरोबर येणारच.

बावधन_व्हीटेक:
काल लावला. बोअर स्वच्छ होता, रबर किट टाकून पाना भाऊंच्या पद्धतीने निपल वर धरून ब्लीड केलं, पहिल्याच वेळी पेडल कडक आलं. रॉड आधीपेक्षा जवळजवळ दोन मिलीमीटर जास्त सरकतोय. संध्याकाळी मुद्दाम ऑफिस सुटायच्या वेळी चांदणी चौकात गेलो, एसी लावून, सगळे गिअर पडले, रिव्हर्सला पण आवाज नाही. पाय दुखतो थोडा, चालेल.

भोसरी_मशिनशॉप:
छान झालं. पंधरा दिवसांनी स्लेव्हचं रबरी बूट उचलून आत बोट लावा. ओलं लागलं तर सील नीट बसलेलं नाही, डब्यातली लेव्हल खाली जायच्या आधी तिथे कळतं. आणि ब्लीड करताना पेंटवर तेल सांडलं असेल तर आजच भरपूर पाण्याने धुवा, रंग उचलतो.