मदत हवी आहे: एचटीएमएल नक्की कशासाठी काढलं?

नमस्कार मंडळी. सांगलीत आमचं हळदीचं दुकान आहे. त्याचं वेबपेज एचटीएमएलमध्ये (वेबपेज लिहायची भाषा) स्वतःच करायचं म्हणून नोटपॅड उघडून बसलोय. 'राजापुरी हळद' लिहिलं, दोन्ही बाजूंना एच१ टॅग (मुख्य शीर्षकाची खूण) टाकला, फाइल ब्राउझरमध्ये उघडली तर अक्षरं मोठी आणि ठळक! बायको म्हणाली, "एवढ्यासाठी रात्रीचे बारा वाजवले?"

वाचलं ते असं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत होते. तिथं शास्त्रज्ञ देशोदेशीचे, कॉम्प्युटर नाना तऱ्हेचे. एकाची माहिती दुसऱ्याच्या मशिनवर बघायची म्हणजे मारामार. म्हणून १९८९ मध्ये त्यांनी कागदपत्रं लिंकनी जोडायची योजना मांडली, त्यातून पुढं एचटीएमएल आलं. म्हणजे आपण पोत्यावर चिठ्ठी लावतो तसं: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही लिंक. बरोबर ना?

घोडं अडलंय ते पुढं. रंगरूप बघायचं काम सीएसएसचं म्हणतात. मग मी सीएसएसची एक ओळ न लिहिता शीर्षक मोठं झालं कसं? ब्राउझर स्वतःच्या मनानं ठरवतो का? आणि एचटीएमएलला प्रोग्रामिंगची भाषा म्हटलं की पोरगा हसतो, ते का? जाणकारांनी जरा दुकानदाराला कळेल असं सांगा.