डिप्लोमा फर्स्ट इयरला कॉम्प्युटर आणि कम्युनिकेशन दोन्ही शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?

तासिकावाली_मॅडम
नमस्कार मंडळी. एका तालुक्याच्या गावी पॉलिटेक्निकला तासिका तत्त्वावर लागलेय, स्वतः बीई कॉम्प्युटर. सिव्हिल आणि मेकॅनिकलच्या फर्स्ट इयरचं आयसीटी (कॉम्प्युटरची तोंडओळख) माझ्याकडे आहे आणि इंग्रजीच्या सरांची जागा रिकामी म्हणून कम्युनिकेशनची प्रॅक्टिकलं पण माझ्याच गळ्यात. पोरं हुशार आहेत हो, मोबाईलवर दोन अंगठ्यांनी माझ्यापेक्षा फास्ट टाइप करतात, पण पीसीवर बसवलं की फाईल कुठे सेव्ह झाली ते सापडत नाही, सगळं डाउनलोड्समध्ये पडलेलं. असाइनमेंट मेल करा म्हटलं तर सब्जेक्ट रिकामा, आत एक अक्षर नाही, नुसता फोटो जोडलेला आणि तोही आडवा. यातल्या निम्म्यांकडे एमएससीआयटीचं सर्टिफिकेट आहे बरं का.
कम्युनिकेशनच्या तासाला तर आनंदच. उभं केलं की "मायसेल्फ अमुक अमुक, आय ॲम फ्रॉम" आणि मग जमिनीकडे बघणार. बहुतेक सगळी मराठी मीडियमची. लॅब मॅन्युअलची उत्तरं सीनियरच्या फाईलवरून उतरवलेली, चुकीचं स्पेलिंगसुद्धा तेच.
दोन्ही विषय वेगळे शिकवावेत का एकत्र करता येतील? आणि इंग्रजीचा किती आग्रह धरावा? इंडस्ट्रीत असलेल्यांनी पण सांगा प्लीज.

जुना_खडू
मॅडम, मी सिव्हिलला बरीच वर्षं शिकवतोय. एकत्रच करा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ब्रँचचं काम घेऊन करा. वर्ड शिकवताना "माझा आवडता सण" टाइप करायला लावतात ते बंद करा आधी. पोरगा इंजिनिअरिंगला आलाय, त्याला वाटतं हे परत शाळेतलंच सुरू झालं.
मी एक्सेल शिकवतो ते क्यूब टेस्टवर, म्हणजे काँक्रीटचा ठोकळा मशीनमध्ये दाबून फोडायचा आणि ताकद काढायची. काँक्रीटचा १५० मिमीचा क्यूब, म्हणजे क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिमी. २८ दिवसांनी तीन क्यूब फोडले, लोड आले ५१२, ४८९ आणि ३८० किलोन्यूटन. भागाकार फॉर्म्युल्याने करायचा, कॅल्क्युलेटर काढलेला दिसला तर काढून घेतो. उत्तरं न्यूटन प्रति चौरस मिमीमध्ये येतात २२.७६, २१.७३, १६.८९ आणि सरासरी २०.४६. एम-२० चं काँक्रीट, म्हणजे ताकद वीस पाहिजे, म्हटलं की पोरं लगेच "सर ओके, वीसच्या वर आहे" म्हणून मोकळी. मग पुढचा कॉलम काढायला लावतो, प्रत्येक क्यूब सरासरीपेक्षा किती टक्के वर किंवा खाली. तिसरा सतरा टक्क्यांनी खाली निघतो. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) म्हणतं फरक अधिक-उणे १५ टक्क्यांच्या आत पाहिजे, नाहीतर तो सॅम्पलचा रिझल्टच धरायचा नाही. आता वर्गात गोंधळ सुरू होतो, क्यूब नीट भरला नसेल, टॅम्पिंग (सळईने ठोसणं) कमी झालं असेल, मशीनमध्ये तिरका ठेवला असेल. हा गोंधळ म्हणजेच कम्युनिकेशनचा तास. शेवटी प्रत्येकाने साइट इंजिनिअरला चार ओळींचा मेल लिहायचा, काय टेस्ट केलं, काय निघालं, त्यावरून काय म्हणता येत नाही, आता काय करायला हवं. तिसरा मुद्दा लिहिताना भल्याभल्यांची फे फे उडते.
मेकॅनिकलला हेच व्हर्नियरच्या (बारीक माप घ्यायच्या साधनाच्या) रीडिंगवर करा. एकच जॉब (वर्कशॉपमधला धातूचा तुकडा) दहा पोरांनी मोजला की दहा आकडे येतात, आपोआप विषय निघतो.

क्यूसी_चाकण
मी मेकॅनिकल डिप्लोमा, आता चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला. खडू सरांशी सहमत, माझ्याकडून दोन गोष्टी.
एक, फाईलची नावं. हसू नका. आमच्याकडे एका ट्रेनीने कस्टमरचं ड्रॉइंग डेस्कटॉपवर "फायनल", "फायनल न्यू", "फायनल न्यू २" असं ठेवलेलं आणि मशीनवर प्रिंट गेली रेव्हिजन बी ची. रेव्हिजन सी मेलवर येऊन पडली होती, त्यात बोअरचा टॉलरन्स (भोकाच्या मापात चालणारा फरक) बदललेला. अख्खी शिफ्ट जुन्या साइजवर चालली, पुढचे दोन दिवस सॉर्टिंग. आता बोला हा कॉम्प्युटरचा प्रॉब्लेम का कम्युनिकेशनचा? पार्ट नंबर, रेव्हिजन, तारीख हे फाईलच्या नावात असलंच पाहिजे आणि जुनी फाईल वेगळ्या फोल्डरला गेली पाहिजे, एवढं जरी कॉलेजात अंगवळणी पडलं तरी खूप. आणि नुसतं सांगून होत नाही, चुकीच्या नावाची फाईल आली की न उघडता परत पाठवा, दोन आठवड्यांत सुधारतात.
दुसरं म्हणजे फोनवर बोलणं. इंटरव्ह्यू, ग्रुप डिस्कशन सगळे शिकवतात पण शॉप फ्लोअरवर पहिलं काम येतं ते मेंटेनन्सला फोन करायचं. नवीन पोरगा म्हणतो "सर मशीन बंद पडलीय" आणि गप्प. कुठली मशीन, किती वाजल्यापासून, अलार्म कुठला दाखवतेय, त्याआधी तू काय केलंस, हे त्याला एकेक करून विचारावं लागतं. शिफ्ट हँडओव्हरचं रजिस्टर पण तसंच, "ऑल ओके" लिहून निघून जातात आणि रात्रपाळीवाला बसतो डोकं धरून. हे सगळं मराठी, हिंदी आणि इंग्रजीच्या मिसळीतच चालतं आमच्याकडे, व्याकरणावरून कोणी काही बोलत नाही. माहिती पूर्ण पाहिजे बास.

शब्दवेल्हाळ
मी पॉलिटेक्निकला इंग्रजी शिकवते, त्यामुळे क्यूसी दादांच्या शेवटच्या वाक्याला थोडा विरोध. फ्लोअरवर मिसळ चालते हे खरं, पण कस्टमर ऑडिटला परदेशातला माणूस आला की कोणाला पुढे करतात? इंग्रजी येणाऱ्यालाच ना. प्रमोशन तिथे अडतं. आपण "माहिती पूर्ण पाहिजे बास" म्हणायचं आणि शहरातल्या कॉन्व्हेंटच्या पोराने पुढे जायचं, हे मला पटत नाही.
पण मॅडम, इंग्रजीची सुरुवात "टेल मी अबाउट युवरसेल्फ" पासून करू नका. सतरा वर्षांच्या पोराकडे स्वतःबद्दल सांगण्यासारखं काय असणार, म्हणून तो पाठ केलेलं म्हणतो. त्याने कालच वर्कशॉपमध्ये जे केलं ते विचारा. आधी मराठीत सांगू दे, लेथ मशीनवर जॉब चकमध्ये (पकडीत) धरला, टूल सेंटरला सेट केला, फेसिंग मारलं, मग टर्निंग. क्रम नीट लागला की तेच इंग्रजीत. जॉब, चक, टूल, फेसिंग हे शब्द त्याच्या तोंडात आधीच आहेत, त्याला कमी पडतात ती फक्त क्रियापदं. "द जॉब इज हेल्ड इन द थ्री जॉ चक" एवढं एक वाक्य बसलं की पॅसिव्ह व्हॉइस वेगळा शिकवावा लागत नाही. मोबाईलवर एक मिनिट रेकॉर्ड करायला लावा आणि त्याचं त्यालाच ऐकू द्या, वर्गासमोर नाही. आमच्या पोरी उभं राहून बोलत नव्हत्या, रेकॉर्डिंग मात्र परत परत करून पाठवायच्या.
लँग्वेज लॅबचं सॉफ्टवेअर असेल तर त्याच्या नादी फार लागू नका. हेडफोन निम्मे बंद असतात आणि लंडनचा उच्चार ऐकून आपल्या पोरांचा आत्मविश्वास वाढत नाही.

जेई_साहेब
सगळे प्रायव्हेटचंच बोलताय. सिव्हिलची कितीतरी पोरं जेईची (ज्युनिअर इंजिनिअरची) परीक्षा देऊन जिल्हा परिषदेत नाहीतर बांधकाम विभागात येतात, तिथलं कम्युनिकेशन म्हणजे मराठी टिपणी. पोरगा इंग्रजीत पीपीटी भारी करतो पण "सदर कामाचे अंदाजपत्रक तांत्रिक मंजुरीस्तव सादर" हे लिहायला बसला की घाम फुटतो. आणि टायपिंग! अजून कितीतरी जण जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात, पत्र दुसऱ्या ऑफिसला गेलं की तिथे नुसत्या खुणा दिसतात. पहिल्या आठवड्यातच युनिकोड कीबोर्ड चालू करायला शिकवा, पाच मिनिटांचं काम आहे.
एक्सेलचं अंदाजपत्रक पण घ्या, नग, लांबी, रुंदी, उंची, परिमाण. आमच्याकडे येणारी नवीन मंडळी परिमाण कॅल्क्युलेटरवर काढून सेलमध्ये हाताने टाकतात, मग लांबी बदलली तरी बेरीज तीच. वरिष्ठ तपासतात तेव्हा कळतं.

सेकंडइयर_डायरेक्ट
सर मॅडम एक सांगू का मी स्टुडंट आहे, आयटीआय करून डायरेक्ट सेकंड इयरला आलोय तर आम्हाला हा आयसीटी विषय शिकवलाच नाही कोणी कारण तो फर्स्ट इयरला असतो, आणि इथे सगळे धरून चालतात की आम्हाला येतंय. हातातलं काम आम्हाला फर्स्ट इयरवाल्यांपेक्षा चांगलं येतं, फिटिंग, वेल्डिंग काहीही द्या, पण रिपोर्ट टाइप करायचा म्हटलं की गावातल्या झेरॉक्सवाल्याकडे पानाला पैसे देऊन करून आणतो. लॅपटॉप हॉस्टेलमध्ये दोघातिघांकडेच. कॉलेज सुटल्यावर लॅब एक तास उघडी ठेवली ना तर खूप पोरं येतील, नुसतं कोणी ओरडू नका.
आणि मायक्रो प्रोजेक्टचं खरं सांगतो, आता सगळे चॅटजीपीटीवरून करतात, सर पण वाचत नाहीत.

जुना_खडू
@सेकंडइयर_डायरेक्ट बाळा, लॅबचं बरोबर बोललास. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघ, लिबर ऑफिसचं (वर्ड-एक्सेलसारखंच) रायटर, कॅल्क, इम्प्रेस सगळं आहे आणि मराठी आवाजातही आहे. छोटे व्हिडिओ आहेत, थांबवून थांबवून शेजारच्या खिडकीत तेच करत जायचं. लिबर ऑफिस फुकट, लायसन्सची भानगड नाही.
चॅटजीपीटीचं म्हणशील तर मी रिपोर्टला मार्कच कमी केलेत, तोंडी जास्त. परवा एकाच्या वॉटर टँकच्या रिपोर्टमध्ये "बर्फाचा भार" हिशेबात धरलेला. विचारलं, तुमच्या गावाला बर्फ पडतो का रे? ते पोरगं पण हसायला लागलं.

क्यूसी_चाकण
@शब्दवेल्हाळ मॅडम तुमचा मुद्दा मान्य, ऑडिटला मलाही पुढे करत नव्हते पहिली काही वर्षं. माझं म्हणणं एवढंच की आधी पूर्ण बोलायला शिकू दे, मग इंग्रजीत. उलटं केलं की पोरगं दोन्हीकडून गप्प बसतं.

तासिकावाली_मॅडम
सगळ्यांना खूप थँक्यू, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सिव्हिलला क्यूबचं शीट आणि मेकॅनिकलला लेथचं एक मिनिटाचं रेकॉर्डिंग, असं सोमवारपासून चालू करते. ब्रेकडाउनच्या फोनचं पण आवडलं, दोघांना पाठीला पाठ लावून बसवते, एक ऑपरेटर, एक मेंटेनन्स. टिपणीचं मलाच आधी शिकावं लागेल जेई साहेब.
आता दोन अडचणी. मॅन्युअलमधली ठरलेली प्रॅक्टिकलं पूर्ण दाखवावीच लागतात, हे सगळं त्यात बसवायचं कसं? आणि आमच्या लॅबमध्ये पीसी रीस्टार्ट केला की सगळं पुसून टाकणारं सॉफ्टवेअर आहे, लाईट गेली की पोरांचं काम गेलं. लॅब इनचार्ज काढू देत नाहीत.

शब्दवेल्हाळ
मॅन्युअल सोडायचं नाही, आतला मजकूर बदलायचा. "टेबल तयार करा" असं प्रॅक्टिकल असेल तर टेबल क्यूबचं करा, "प्रेझेंटेशन तयार करा" असेल तर लेथचं. तपासायला येणाऱ्याला प्रॅक्टिकलचं नाव आणि सही दिसली की झालं. फक्त कोर्स फाईलला एक पान जोडून ठेवा, कुठल्या प्रॅक्टिकलला काय घेतलं त्याचं.

जेई_साहेब
इनचार्जचं पण बरोबर आहे, नाहीतर पोरं गेम टाकतात. त्या सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक वेळा एखादा ड्राइव्ह मोकळा सोडता येतो. सी बंद राहू दे, डी तेवढा उघडा मागा, तोंडी नाही, एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) सहीने लेखी अर्ज द्या. आणि अर्ज युनिकोडमध्ये करा म्हणजे झालं.